चिमीचं वाचवलेलं वर्ष

१२ मे
ठरलं. चिमीला यंदाच पहिलीत घालायचं. पाच पूर्ण व्हायचीत अजून, पण बुद्धीने पोरगी केव्हाच सहाची झालीये. काल दुकानात डोळे तपासायचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. बायको म्हणते, रोज ऐकून पाठ झालाय. पाठ करायला बुद्धी लागत नाही? मला सात वर्षांचा घोडा झाल्यावर शाळेत घातलं, म्हणून आज चष्मे विकतोय. नाहीतर कुठे असतो!

२० मे
मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक वर्ष थांबा. मी म्हटलं, संशोधन वेगळं सांगतं. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं. ॲडमिशन झाली.

१४ जून
पहिला दिवस. वर्गात सगळ्यात लहान! ऊर भरून आला. मागून चिमी दिसतच नाही, नुसतं दप्तर चालत जातं.

२ जुलै
वर्गाच्या बाईंनी बोलावलं. चिमी जेवणाच्या सुट्टीनंतर बाकावर झोपते. मी म्हटलं, अभ्यास सोपा पडत असेल, कंटाळते. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं असावं.

२० जुलै
संकल्प : रोज सकाळी मी स्वतः शिकवणार. आज ‘ब’. तिने बदक काढलं. बदक फर्स्ट क्लास, ‘ब’ नाही. माझा आवाज चढला. चिमी टेबलाखाली. शिकवणी टेबलाखाली चालू ठेवली. कंबर धरली.

२१ जुलै
कंबर. शिकवणी नाही.

११ ऑगस्ट
चिमीचं रोज सकाळी पोट दुखतं. रविवारी दुखत नाही. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला विचारलं, हिला शाळेत कधी घातलंत? पोटाचा आणि त्याचा काय संबंध! डॉक्टर बदलायला हवा.

५ सप्टेंबर
वेणी घालून घेताना चिमीने आईला विचारलं, “आई, मी ढ आहे ना गं?”
मी बाहेर बूट घालत होतो. बराच वेळ एकच बूट घालत होतो.

८ सप्टेंबर
शाळेत जाऊन आलो. चिमी परत शिशुवर्गात. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी हीच मुलगी पहिलीत कशी चमकते बघा. मी सांगितलं, तज्ज्ञांशी बोलून मी स्वतः हा निर्णय घेतलाय. तज्ज्ञ म्हणजे बायको. निर्णयही तिचाच.

१२ सप्टेंबर
चिमीला शिशुवर्गात सोडलं. रडली तर काय समजवायचं, ते रस्ताभर घोकत होतो. फाटकाशी आल्याबरोबर तिने माझा हात सोडला आणि धूम पळाली. एकदाही मागे वळली नाही. आतून तिचं हसणं ऐकू आलं. हे घरात कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.
शेजारी एक गृहस्थ मुलाला सोडायला आले होते. म्हणाले, “पहिलाच दिवस का? होतं असं. पोरं रुळतात हो पटकन. आपणच जरा कच्चे असतो.”
मी हो म्हटलं. त्यांनी रुमाल दिला.