डाव्या हाताची मूठ

वर्धा
१८ जानेवारी २००५

चि. इला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळालं. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे तसेच आहेत आणि त्याबद्दलची तिची तक्रारही तशीच. साकेतची बदली पुन्हा आष्टीला झाली. तुझा हा भाऊ शनिवारी येतो, झोपतो, सोमवारी पहाटे जातो. मी दिवसभर काही करत नाही आणि तरी दमतो. शाळेत पस्तीस वर्षं ओरडून इतका दमलो नव्हतो.

रुचिका शाळेत रमली हे वाचून बरं वाटलं. पण पुढे लिहिलंस की अभ्यासाला बसवताना तिच्या डाव्या हाताला रुमाल बांधतेस. सासूबाईंचा आग्रह असता तर मी समजलो असतो. त्या नको म्हणतात आणि तूच ऐकत नाहीस. वर लिहितेस, “बाबा, डावखुऱ्याला या जगात काही नीट बसत नाही. मी भोगलंय, माझ्या लेकीला नको.”

एवढं वाक्य सोडून बाकीचं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. पाच दिवस ते खिशात घेऊन फिरतोय.

गेल्या महिन्यात आंजीला लग्नात रूपराव सुतार भेटला. आता त्याला फारसं दिसत नाही. आवाजावरून ओळखलं आणि माझा हात धरून म्हणाला, “मास्तर, तुमच्या पोरीले ते मूठ बसली होती का? तुमी काई सांगतलंच नाई. मी तं तिच्यासाठी शिसम राखून ठेवलं होतं.” पंगत बसून राह्यली म्हणत मी सटकलो.

कुठली मूठ, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगतो. खरं तर तेच सांगायला बसलोय, आणि गुडघ्यांपासून सुरुवात केली.

तुम्हा दोघा भावंडांच्या नेमबाजीला आपलं एअर पिस्तूल एकच होतं आणि त्याची लाकडी मूठ उजव्या हातासाठी कोरलेली. साकेतच्या तळव्याला जो उंचवटा आधार द्यायचा, तो तुझ्या बोटांच्या सांध्यांना टोचायचा. अंगठ्याची खाचही नको त्या बाजूला. तू चिंध्या, डॉक्टरची चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, काय काय गुंडाळून नेम धरायचीस. चाळीस छर्रे संपेपर्यंत सांध्यांवर फोड यायचे. शाळेच्या हॉलमध्ये दहा मीटर मोजून खडूची रेघ मीच मारलेली, म्हणजे ते फोड मी रोज बघत होतो.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात आईनं परातीत कणीक घट्ट मळली. तू डाव्या हातात गोळा धरून दाबलास, तो गच्चीवर वाळवला आणि मी रूपरावकडे माप म्हणून नेला. पहिला गोळा मुंग्यांनी खाल्ला म्हणून दुसरा करावा लागला. केवढे हसलो होतो तेव्हा.

राज्य स्पर्धा नोव्हेंबरात होती. तू रोज विचारायचीस, “बाबा, मूठ आली का?” मी म्हणायचो, “त्याच्याकडे दारं-खिडक्यांचं काम आहे. नाई झाली अजून.”

मूठ दसऱ्यालाच आली होती, इला. मी ती शाळेतल्या कपाटात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे ठेवली.

स्पर्धेत तुझी पाळी सकाळी होती, साकेतची दुपारी. मधे मूठ बदलून पुन्हा बसवली की साकेतचा नेम हलेल अशी भीती मी स्वतःला घातली. महिनाभर हातात होता, घरी बदलून बघता आलं असतं. बघितलं नाही, कारण जमलं असतं तर तुला द्यावी लागली असती. साकेत निवडला जाईल असं मला वाटत होतं. तू लग्न करून जाणार, हेही मनात होतं. शाळेत मुलामुलींच्या समानतेवर भाषणं मीच करायचो.

तू दोन गुणांनी राहिलीस. साकेत अकरा गुणांनी. त्याला यातलं काही माहीत नाही, त्याच्यावर रागावू नकोस. परतीच्या एसटीत तू डावा हात मांडीखाली दाबून बसली होतीस. मी म्हणालो, “हात उलटा असला की असंच होते, बेटा.” तू मान हलवलीस. त्यानंतर पिस्तूल उचललं नाहीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला लाज वाटते.

तुझ्या पत्रातलं वाक्य माझंच आहे. मी एसटीत बोललो ते तू आठ वर्षं खरं मानलंस आणि आता त्यापायी त्या पोरीचा हात बांधतेस.

निवृत्त झालो तेव्हा कपाट रिकामं करताना मूठ घरी आणली. सोबतच्या पार्सलात आहे. काल माझ्या डाव्या हातात धरून बघितली, बसत नाही. आतल्या बाजूला रूपरावनं पेन्सिलीनं ‘इलाताई’ लिहिलंय. इतक्या वर्षांत तुझा हातही बदलला असेल. तरी एकदा धरून बघ. बसली की नाही ते मला कळवू नकोस, पण रूपरावला एक कार्ड टाक. मुक्काम आंजी (मोठी) एवढ्यावर पोचतं, त्याचा नातू वाचून दाखवेल.

रुचिकाचा रुमाल सोड. मला सांगायचा अधिकार उरलेला नाही, तरी सांगतो.

तुझा हात उलटा नव्हता.

वर सवयीनं आशीर्वाद लिहून गेलो. खाली लिहायला धजत नाही.

बाबा