लॅमिनेट केलेलं चित्र

मामा,

नमस्कार लिहितानाही लाज वाटतेय, तरी नमस्कार.

गावी परतताना तुम्ही माझ्याकडे ठेवलेलं ते विलायती जमीनदाराच्या घराचं जुनं छापील चित्र मी लॅमिनेट केलं. परवा आलात तेव्हा पाहिलंतच. "बरं केलंस, आता ओल लागायची नाही," एवढंच म्हणालात आणि चहा घेऊन एसटी धरलीत.

चाकणच्या कंपनीत तुम्ही आयुष्यभर ड्रॉइंगं काढलीत. सुट्टीच्या दिवशी हात धुवायला लावून ते चित्र मला खिडकीशी तिरकं धरून दाखवायचात. म्हणायचात, चित्रातल्या तळ्यावरची सावली रंगाची नाही, रेघांची आहे. रेघा जवळ आल्या की अंधार, लांब गेल्या की ऊन. मग माझं बोट झाडांवरून हलकेच फिरवायचात. कागदावर उभी राहिलेली शाई बोटाला बारीक रव्यासारखी लागायची.

आता तिरकं धरलं की ट्यूबलाइट तेवढी दिसते.

तुम्हाला वाटलं असेल, पोरीला कळलं नाही. कळत होतं, मामा. पुनावळ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डांसोबत ते दिलं, तेव्हा दुकानदारानेच विचारलं, "मॅडम, कागद जुना आहे, टाकू ना मशीनमध्ये?" माझं बोट तेव्हाही त्या झाडांवरच होतं. पण मागे रांग होती आणि कंपनीची बस चुकली असती. मी म्हणाले, "टाका."

परवा चित्र मागण्याआधी तुम्ही साबणाने हात धुऊन आला होतात.

तुमची भाची,
तनुजा