भोंग्याने ठरवलेला फितूर

चांदा, १२ जानेवारी १९५६

तीन आठवडे वही उघडली नाही, याला आळसाखेरीज कारण नाही. आज मात्र लिहायलाच हवे.

गावात आलेल्या तंबूतला चिनी सिनेमा शाळेतल्या मुलांना दाखवावा का, याचा अभिप्राय दुपारी मुख्याध्यापकांना देऊन बसलो: 'दाखवू नये.' शनिवारी तंबू उठतो. सिनेमा जुन्या काळच्या तलवारबाजीचा. त्यात एक म्हातारा तलवारगुरू वेढा घालून बसलेल्या शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो. त्याआधी जोडे काढून बाजूला ठेवतो. भाषा कुणालाच कळत नव्हती. भोंग्यावरून गोष्ट सांगणारा म्हणाला, हा फितूर. अभिप्रायात मीही तेच लिहिले.

संध्याकाळी सिनेमाचा विषय निघाला तेव्हा शेजारच्या अनसूयाबाई म्हणाल्या, "त्याले फाशीच पायजे होती."

महागूभाऊ, जंगलखात्यातले जुने गार्ड, हसले. "काऊन जी? आत लेकरं उपाशी मरून राह्यली होती. फितूर मानूस देवळात गेल्यावानी जोडे काढते का? गुरुजी, तुमी भोंगा आयकला. मी सिनेमा पाह्यला."

तेव्हापासून चैन नाही. पात्रे लांबलचक बोलली की भोंगेवाला दोन शब्दांत उरकायचा. ती गप्प असली की हाच बोलत सुटायचा. त्याला चिनी येते कशावरून? की महागूभाऊच आपल्या मनचे सांगताहेत? पण लेकरे मलाही दिसली होती. ते जोडेही. मग लिहिताना मी दोन्ही का वगळले? कुणी कुणाला फितूर म्हटले की मला लगेच पटते, हे बरे नव्हे.

उद्या: प्रार्थनेआधी मुख्याध्यापकांकडून अभिप्राय परत मागून घेणे.