मागे ओतलेलं पाणी

५ ऑक्टोबर १९८६, रविवार. काराचेश्मे

मार्चपासून इथे एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. कुणाची, ते नीट सांगता येणार नाही. या वहीची, किंवा पुढे कधीतरी ही पानं वाचणाऱ्या माझीच. आई गेली आणि त्यानंतर जे लिहायला जावं ते खोटं वाटू लागलं. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणारी मी, स्वतःचं एक वाक्य लिहायचा धीर होईना. आता सुरुवात करते, आणि जुनी सवयही परत धरते: पानाच्या शेवटी उद्याचं एकच काम. सकाळी उठून आधी ते वाचायचं, करून टाकायचं, मग बाकीचा दिवस.

अंकारातून मला बाहेर काढलं ते बेल्गिननं. धाकटी असून थोरलीसारखी दटावते. म्हणाली, ताई, तू आता भिंतींशी बोलायला लागलीस; आठवडाभर अशा ठिकाणी जा जिथे तुला कुणी ओळखत नाही. म्हणून कास्तामोनूच्या वरच्या डोंगरातलं हे गाव.

गाव मनापासून आवडलं. अक्रोडाचा हंगाम चालू आहे. दारोदारी बायका हिरवी सालं सोलत बसल्यात आणि सगळ्यांचे हात मनगटापर्यंत काळे. मिनीबसवाल्या रुस्तेमनं माझी बॅग चौकातल्या पाणवठ्यापाशी उतरवली, तर तिथल्या एका बाईनं हात पुसत म्हटलं, बरं झालं, परतलीस. कुठल्याही गावात पाहुण्याला म्हणतात, बरं झालं, आलीस. आणि त्यावर पाहुण्यानं म्हणायचं असतं, बरं वाटलं, भेटलात. ते माझ्या तोंडून आपसूक गेलं. एका शब्दाचा फरक कानाला खटकला होता. छापील पानावर असता तर समासात खूण केली असती. प्रवासानं दमले होते, जाऊ दिलं.

मी हॉटेल विचारलं, तर रुस्तेम हसला. हॉटेल कशाला ताई, म्हणत त्यानं मला थेट पाकिझेमावशींच्या दाराशी नेलं. मावशी सत्तरीपुढच्या, एकट्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही काळ्या हातांत धरला, केसांचा वास घेतला आणि आत गेल्या. पाठोपाठ तारहानाच्या सूपाचा वास आला. किती दिवसांनी कुणीतरी मला न विचारता वाढलं!

उद्या: पोस्टातून बेल्गिनला फोन.

६ ऑक्टोबर, सोमवार

फोन केला. बेल्गिन म्हणाली, आवाजात जीव आलाय हं, आता तिथलाच एखादा बागायतदार बघ आणि मला अक्रोड पाठव. रविवारी परत येते, असं तिला सांगितलं.

आल्यावर एक गोष्ट दिसली. कुठल्याही घरात पाहुण्याचे जोडे दाराकडे तोंड करून लावून ठेवतात, निघताना वाकून वळवावे लागू नयेत म्हणून. माझे उंबऱ्याशी नव्हते. आत, फळीवर, मावशींच्या जोड्यांना चिकटून ठेवलेले होते. घरच्या माणसाचे ठेवतात तसे.

दुपारी अक्रोड सोलताना त्यांनी सुहेलाबद्दल सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकायला अंकाराला गेली. गाडी सुटली तेव्हा मावशींनी रीतीप्रमाणे तिच्या मागे झारीभर पाणी ओतलं आणि म्हटलं, पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये. ती आली नाही. पत्र नाही, निरोप नाही. तेव्हापासून रोज सकाळी त्या उंबऱ्याबाहेर पाणी ओततात. आज सकाळी मीही पाहिलं होतं. मला वाटलं, पायरी धुताहेत.

हे सगळं त्यांनी सांगितलं ते मला, आणि सांगताना मलाच सुहेला म्हणाल्या. मी चहाचा पेला तोंडाला लावला. समोरच्या घरातली हाजेर सगळं ऐकत होती. तिची थोरली जर्मनीला गेली ती गेलीच. हाजेर म्हणाली, पाकिझेताई, तुमची तरी आली बाई, आमच्या झारीला भोकच पडलंय वाटतं. सगळ्या हसल्या. मीही हसले. का हसले?

म्हाताऱ्या बाईला दुखवायचं नाही हे एक कारण. दुसरं कारण लिहायला हवं: पोरी, जेव गं, असं मला मार्चनंतर पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि ते मला हवं होतं. दुसऱ्याच्या नावावर आलेली माया मी घेते आहे.

उद्या: पाकिझेमावशींना खरं सांगणे.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल धीर झाला नाही. आज सांगितलं. ओळखपत्र पुढे ठेवलं: हांदान, जन्म अंकारा, आईचं नाव दुसरं. मावशींनी ते चष्मा लावून नीट पाहिलं, माझ्या चहात साखरेचा खडा टाकला आणि म्हणाल्या, अगं, शहरात राहून सगळ्याच पोरी असं बोलतात, निवेल हळूहळू. मग हाजेर आली. तिलाही दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, पाण्याला कुठं वाचता येतं, राणी? आम्ही ओततो, ते आणतं. कुणाला आणलं ते बघत बसणारी आम्ही कोण?

गमतीनं म्हणाली. पण हसली नाही.

संध्याकाळी भाजीला मीठ कमी वाटलं म्हणून मी उठले, चुलीमागच्या कोनाड्यातला निळा डबा काढला आणि घातलं. बसल्यावर हात थांबला. तो डबा तिथे असतो, हे मला कुणी सांगितलं होतं? आधी पाहिला असेन. पाहिलाच असेन. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच मिठं चुलीमागे असतात.

उद्या: सकाळच्या गाडीनं निघणे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

घडलं त्याच क्रमानं लिहिते, म्हणजे उद्या वाचताना शंका राहणार नाही.

सकाळी निघाले. मावशी रडल्या नाहीत, अडवलंही नाही. गाडी हलली तशी मागच्या काचेतून पाहिलं: त्यांनी झारी कलती केली, रस्त्यावर ओला पट्टा उमटला. कास्तामोनूच्या स्थानकावर उतरले. अंकाराचं तिकीट काढलं, खिडकीशी बसले, बस सुटली, हे पक्कं आठवतं. डोळे मिटले. उघडले तेव्हा रुस्तेमच्या मिनीबसमध्ये होते आणि समोर काराचेश्मेचा पाणवठा.

रुस्तेम म्हणतो, खालच्या वळणावर तूच हात केलास. वर थट्टा: सकाळी गेलीस, दुपारी हजर, माहेर काही सुटत नाही बुवा तुला! तिकीट पर्समध्ये आहे. अजून आहे, आत्ता पाहिलं.

महिनाभर इथे पाऊस नाही. रस्त्यावर धूळ उडते आहे. आणि माझे जोडे आतून बाहेरून चिंब होते. मावशींनी ते वाळत घातले, जणू हे ठाऊकच होतं. पाणवठ्यावरच्या बाईनं पुन्हा तेच म्हटलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी उत्तर गेलं.

उद्या: पाणी ओतायला कुणी नसेल तेव्हा निघणे.

११ ऑक्टोबर, शनिवार

मागची पानं वाचली. बुधवारी मी ‘आमच्या गल्लीत’ लिहिलंय. आमच्या? ही चूक मी केली आणि मीच ओलांडून पुढे गेले. वीस वर्षांत अशी चूक माझ्या नजरेतून सुटलेली नाही. खोडणार होते. मग तशीच ठेवली, पुरावा म्हणून.

मावशी बागेत गेल्यावर रिकाम्या हातानं निघाले. भर दुपार. गल्लीत कुणी नव्हतं. कोपऱ्यावर पोचले, तर वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली आणि मागे पाणी पडल्याचा आवाज. मग पुढच्या घराची. मग समोरच्या. कुणी वाटीनं, कुणी भांड्यानं. हाजेर तर खिडकीत वाकून हसत हसत, अगं सुहेला, सावकाश जा, घसरशील! मी पळाले.

खालच्या वाटेनं, कबरस्तानातून. तिथे दोन दगड शेजारी शेजारी. दोन्हींवर पाकिझेची मुलगी सुहेला. जन्माचं साल एकच. मृत्यूची सालं वेगळी, दुसरं चार वर्षांपूर्वीचं. एकच नाव दोनदा छापलं गेलं, तर मी एक खोडते. इथे कुठलं खोडायचं? आणि कडेला तिसऱ्यापुरती जागा सोडलेली, गवत काढून.

जोडे ओले. घरी आहे. म्हणजे इथे, मावशींच्या घरी.

उद्या: बेल्गिनला फोन. नंबर याच पानावर लिहिते, ४७ — पुढे? पुढे येत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

नंबर आठवला नाही, पण बोटांना माहीत होता. बोटांनी फिरवला.

पलीकडून हॅलो आलं आणि मी म्हटलं, सुहेला बोलतेय.

मग बेल्गिन म्हणाली, ताई, ही थट्टा आवडली नाही मला, आज यायची होतीस ना तू? मला सांगायचं होतं, मला न्यायला येऊ नकोस. आधी रडू आलं. ती म्हणाली, हलू नकोस तिथून, मी येते. फोन ठेवला तिनं.

पोस्टातला माणूस म्हणाला, चांगलं आहे, पाव्हणे येणार तर.

आई म्हणते, हात बघ, आता कसे घरच्यासारखे दिसताहेत. साबणानं काळं जात नाही. आई — कोणती? आई मार्चमध्ये गेली. माझी आई मार्चमध्ये गेली. तिचं नाव

येईल आठवेल.

उद्या: रुस्तेमला सकाळच्या गाडीत जागा

१३ ऑक्टोबर

सकाळी पान वाचलं. ‘रुस्तेमला सकाळच्या गाडीत जागा’. लिहिताना आईनं हाक मारली होती, क्रियापद राहिलं. कितीदा वाचलं. मग जाऊन सांगून आले, जागा नको. रुस्तेम म्हणाला, बरं.

दुपारी पायरीवर बसले असताना एकदम — जागा हवी होती! धरून ठेव म्हणायचं होतं! जे लिहिलेलं असेल तेच मी करते आता. कारण उरत नाही, फक्त ओळ उरते. आणि ओळ अर्धी असली तर उरलेली अर्धी गाव पुरी करतं.

यापुढे वाक्य पूर्ण करायचं. आधी क्रियापद लिहायचं. पूर्ण करायचं —

१४ ऑक्टोबर

बेल्गिन आली.

पाणवठ्यापाशी उतरली. मी तिथेच होते. हाजेर पुढे झाली, हात पुसले आणि म्हणाली, बरं झालं, परतलीस. बेल्गिन चांगल्या वळणाची आहे. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं — मी धावत जाऊन काळा हात तिच्या तोंडावर दाबला. तिला लागलं. पण ती बोलली नाही. बोललेली नाही ती! हाजेर चिडली. वेडी झाली का गं ही, पाव्हण्याला असं करतात, म्हणाली. आणि बेल्गिनकडे बघत राहिली. तिच्या दाराशी झारी भरलेली आहे.

बेल्गिनला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मला मिठी मारून म्हणाली, ताई, डॉक्टरांना दाखवू, सकाळी दोघी निघू. मी गेले तर मागे पाणी पडणार, आणि तिच्या अंगावरही. दोघी परत. म्हणून तिनं एकटीनं जायचं. हे तिला पटत नाही. मी म्हटलं, तू पुढे हो, मी मागच्या गाडीनं येते. खोटं बोलले. पहिल्यांदा जाणूनबुजून.

तिचे जोडे दाराकडे तोंड करून लावलेत. मी लावलेत. अजून पाहुणी आहे ती.

जेवणानंतर आईनं झारी माझ्या हातात दिली. म्हणाली, पाहुणीला निरोप घरच्या मुलीनं द्यायचा, आता माझे हात दुखतात. म्हणजे माझ्या हातात आहे. बरंच झालं. मी ओतलं नाही तर ती सुटेल. मी नळीखालून तिला वाचवते आहे — नाही, नळी काय, झारी. झारीतून. शब्द निसटतात.

बेल्गिन आत झोपली आहे. झोपेत लहानपणीसारखा अंगठा मुठीत. तिचं नाव बेल्गिन. माझी बहीण बेल्गिन. तिला वाचवायचं. सकाळी मला हे आठवणार नाही, म्हणून नीट, पूर्ण —

आई हाक मारते आहे. अक्रोड आत घ्यायचेत. आले गं, आले, एवढी ओळ —

उद्या: बेल्गिन निघाली की तिच्या मागे पाणी