रिसॉर्टच्या दोन खोल्या

आई, बाबा,

"खाट एक की दोन?" हे काल जेवताना मी आपल्या मनाने विचारलं नव्हतं. वर्गातल्या यूम्ना आणि शाइहाने पैज लावली होती, "सुट्टीत रिसॉर्टला जाताय ना? तिथे तुझ्या आईबाबांना खाट एक की दोन, विचारून दाखव, भित्री भागूबाई!" मला वाटलं, आई लाजेल, बाबा ओरडतील, "गप गं, चोंबडे!"

पण बाबा हळूच म्हणाले, "खोल्याच दोन घेतल्यात. तू आईबरोबर."

तेव्हा कळलं, ही सहल कशासाठी आहे. बाबा रोज बोटीने पाहुण्यांना त्या रिसॉर्टच्या बेटावर सोडतात, पण आपण कधी तिथे पाऊल ठेवलं नाही. मग आत्ताच कसं सुचलं? आणि मी वेडी, पाण्यावरच्या बंगल्यांचे फोटो दाखवत गावभर नाचत होते!

दोनदा तुमचा तलाक झाला, दोनदा तुम्ही परत एकमेकांशीच निकाह लावलात. आपल्या मालदीवात हे होतंच, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण तिसऱ्या तलाकानंतर तसं परतता येत नाही, एवढं मलाही ठाऊक आहे. मी काय करू म्हणजे तुम्ही थांबाल? रात्रभर हाच विचार केला.

यूम्नाकडे अभ्यासाला जातेय. माशाचं कालवण झाकून ठेवलंय, मांजरीकडे लक्ष ठेवा. आई, माझा पोहायचा पोशाख शिवत बसू नकोस. जे सांगायचंय ते इथे, आपल्या घरात सांगा. ते ऐकायला मी रिसॉर्टला येणार नाही.

इनाशा