लाल पेन्सिल आणि परड्यातला एडका

३ जून, टेंभुर्णी
वाचनालयातून जुनी डिटेक्टिव्ह कादंबरी आणली. दुसऱ्याच पानावर डिटेक्टिव्ह म्हणतो, ‘मेंढपाळाच्या डोळ्यांतच चोरी असते.’ टाळकं सरकलं. आमच्या समाजाला चोर म्हणतो, हलकट. आजपासून असल्या एकेका वाक्याला लाल पेन्सिलीची रेघ. मंग समाजाच्या मीटिंगमध्ये पुस्तकाचा निषेध. मजा म्हणून वाचून राह्यलो न्हाई.

४ जून
‘बायकांच्या साक्षीवर तपास चालत नाही.’ रेघ. ‘शिकलेल्या माणसाचा अंदाज चुकत नाही.’ रेघ. काय माजोरी माणूस.
हसनाबादच्या बहिणीचा, सोनूबाईचा पोरगा गोरक्षनाथ आल्ता. आमच्या मोनिकाशी त्याचं जमलंय. पोरगी खूष आहे. बायको मधेच येऊन काहीतरी विचारत होती. पुस्तकातला खून ऐन रंगात आल्ता, हो म्हणून टाकलं.

५ जून
परड्यातला मेंढा, आमचा एडका, गायब. दाव्यासकट. काल कोण आल्तं? गोरक्षनाथ. मेंढ्यांमागं रानोमाळ हिंडणारं पोरगं, डोळे मी तेव्हाच हेरले होते. बायको म्हणे मला माहीत आहे, ऐकून तर घ्या. गप्प बसवली. बायकांच्या सांगण्यावर कुठं तपास होतो? मी तीस वर्षं ऑफिसात काढली, आपला अंदाज बिलकुल चुकत न्हाई.

७ जून
सुपारी फोडायला हसनाबादचे पाहुणे आले. पुस्तकात डिटेक्टिव्ह सगळ्यांना बसवून चोराचं नाव घेतो. आपणही घेतलं. तुझ्या डोळ्यांतच चोरी आहे, असं तोंडावर सुनावलं.
सोनूबाई रडायलाच लागली. मृगाच्या तोंडाला माहेरचा एडका आपल्या मेंढ्यांत सोडायचा, ही तिची दरसालची रीत. गोरक्षनाथ तेवढ्यासाठीच आल्ता म्हणे. बायकोनं मला विचारून दिला म्हणे. मी हो म्हणालो म्हणे. असंल. स्पष्ट विचारायला काय झाल्तं?
गोरक्षनाथ उठला. मामा म्हणून पाया पडला अन् निघाला. सगळ्यांचा चहा तसाच राह्यला.

८ जून
एडका दारात बांधून गेले. सुपारी, साडी परत. निरोप एकच, चोराच्या घरी पोरगी कशाला देता.
बायको भाकर ताटात टाकते अन् चुलीकडं वळते. पुस्तकच वाईट. असल्या पुस्तकांनी घरं मोडतात, मीटिंगमध्ये हाच मुद्दा मांडणार होतो.
तेवढ्यात मोनिका ते पुस्तक घेऊन आली. डोळे सुजलेले. माझ्या लाल रेघा पुढं धरून विचारलं, पप्पा, यातलं कोणतं वाक्य तुम्ही बोलले न्हाई?
बघून सांगतो म्हणालो. सकाळपासून पानं उलटून राह्यलो. अजून सापडलं न्हाई.