कोरडा कूलर

सर, यंदा कूलर तपासणीच्या यादीत प्रताप नगरची ती गल्ली माझ्या वाट्याला आली. तुम्ही होता तोवर याद्या तुम्हीच हाताने लिहायचात आणि ती गल्ली तुम्ही मला पुन्हा कधी दिली नाहीत. तुम्ही गेल्यानंतरही कोणी ना कोणी ती आपणहून घेत राहिलं. आता याद्या मोबाइलवर येतात. कोणाला कोणती गल्ली ते कॉम्प्युटरच ठरवतो, आणि त्याला मागचं काही माहीत नसतं. बदलून मागता आली असती. सध्या आपल्या इंजिनिअरांच्या केंद्राचा अध्यक्ष मीच आहे, तेव्हा मला कोणी कारणही विचारलं नसतं. पण यादी दोन दिवस तशीच राहू दिली आणि रविवारी सकाळी तुमचा टेस्ट लॅम्प पिशवीत टाकून निघालो.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. धंतोलीतला आपला हॉल अजून तिथेच आहे, खाली हाडांचा दवाखाना आणि वर आपण. पेशंटचे नातेवाईक अजूनही आपल्या जिन्यात बसतात आणि वर जाणाऱ्याला विचारतात, डॉक्टर किती वाजता येतात. तुम्हाला ते खेड्यातले म्हातारे बाबा आठवत असतील. चुकून वर आले, शेवटच्या रांगेत बसले आणि ट्रान्सफॉर्मरच्या तेलावरचं अख्खं भाषण त्यांनी ऐकलं. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि विचारलंत, "कसं वाटलं बाबा?" ते म्हणाले, "डाक्टर बोलते चांगला, पण दवाई कोणती घ्याची ते नाही सांगतलं." त्यानंतर कित्येक महिने भाषण लांबलं की मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "दवाई सांगा, दवाई."

मी हिंगण्याहून शनिवारी कंपनीच्या बसने यायचो आणि थेट हॉलवर पोचायचो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. कॉलेजात जे शिकलो आणि कारखान्यात जे करत होतो त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला त्या हॉलमध्ये कळायला लागलं. भाषणं काही चांगली असायची, काही झोप आणणारी. पण मी यायचो ते भाषणाआधीच्या पाच मिनिटांसाठी. इंजिनिअरांच्या दुसऱ्या कुठल्या संस्थेत ही पद्धत मी पाहिली नाही. कोणीतरी एकाने उठायचं, कामात झालेली स्वतःची एक चूक सांगायची आणि खाली बसायचं. टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत, नंतर चहाच्या वेळी त्यावर बोलणं नाही. एकदा एकजण दुसऱ्याच खात्यातल्या माणसाची चूक सांगायला लागला, तेव्हा तुम्ही त्याला बसवलंत. "दुसऱ्याची सांगाले बाहेर चहाची टपरी आहे गा. इथं आपली सांग." माइकवर तुम्ही शुद्ध बोलायचात, पण रागवायचं झालं की तुमची वऱ्हाडी बाहेर यायची. मी कधी उठलो नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं, आणि पहिली दोन वर्षं ते खरंही होतं.

मार्चमधल्या कूलर तपासणीचा नियम तुम्ही आम्हाला तुमच्या अंगणात उभं करून शिकवला होता. माळ्यावरून किंवा गच्चीवरून नुकताच काढलेला कूलर कोरडा असतो आणि कोरड्या कूलरमध्ये काही दोष सापडत नाही. टाकी भरायची, पंप आणि पंखा दोन्ही चालू करायचे, घड्याळात पाहून दहा मिनिटं थांबायचं आणि मग पत्र्याला लॅम्प लावायचा; पेटला तर पत्र्यात वीज आहे. पाणी भरल्यावर पंपातून गळणारी वीज पत्र्यात उतरते. पंख्याच्या थरथरीने अर्थिंगची सैल तार सुटते. दोन्ही एकाच वेळी झालं आणि कोणी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्याला हात लावला, तर मग काही करता येत नाही. "दहा मिनिटं," तुम्ही म्हणालात, "लोक म्हणतील, काय बसून राहिले हे. म्हणू द्या. बसून राहा." तपासून झालं की कूलरला तारखेचं आणि सहीचं कार्ड बांधायचं आणि हिरवा स्टिकर लावायचा.

माझ्या तिसऱ्या वर्षी, तपासणीच्या रविवारी, माझ्याकडे प्रताप नगरची ती गल्ली होती. दुपार होत आली होती. एका घराच्या मागच्या अंगणात पत्र्याचा मोठा कूलर होता, नवा वाळा लावलेला. घरात त्या बाई एकट्याच होत्या. नळाला पाणी नव्हतं. मी प्लग पाहिला, अर्थिंगची तार पाहिली, कोरड्यावरच पंखा फिरवून लॅम्प लावला. तो पेटला नाही. मी कार्डावर सही केली, स्टिकर लावला आणि निघालो.

एप्रिलच्या मध्यात त्या बाई पाइपाने टाकी भरत होत्या. कूलर चालू होता. शॉक बसून त्या फेकल्या गेल्या, उजवा तळहात भाजला आणि पायरीवर पडून मनगट मोडलं. त्यांच्या यजमानांनी धावत जाऊन प्लग ओढला म्हणून त्या वाचल्या. त्यांना धंतोलीतच आणलं होतं, आपल्या हॉलपासून दोन गल्ल्या सोडून. तुम्ही रोज जात होतात. मीही एकदा गेलो, हातात दोन शहाळी घेऊन, फाटकापर्यंत. तिथल्या चौकीदाराने विचारलं, कोणाकडे जायचं. मला त्यांचं नाव माहीत होतं. तरी मी "चुकलं, दुसरा दवाखाना" म्हणालो आणि परत फिरलो. शहाळी बसस्टॉपच्या बाकावर ठेवून दिली.

त्याच महिन्यातला शनिवार. हॉल भरलेला, कारण बातमी सगळ्यांना कळलेली. मी तिसऱ्या रांगेत बसलो आहे. माझ्या खिशात चिठ्ठी आहे, काय बोलायचं ते चार ओळींत लिहिलेलं. मी ती खिशातच चाचपतो. एवढ्यात तुम्ही माइककडे जाता आणि म्हणता, "आजची पाच मिनिटं माझी आहेत. प्रताप नगरमधला तो कूलर मी तपासला होता. कोरडाच तपासला. नियम मीच केला आणि मीच मोडला." मग तुम्ही खाली बसता. पाच मिनिटं कुठली, अर्धं मिनिटही झालं नसेल. तुम्ही माझ्याकडे पाहत नाही. त्यानंतर कोणीतरी केबलच्या जोडण्यांवर एक तास बोलतो आणि मला त्यातला एक शब्द ऐकू येत नाही. जिन्यात तुम्ही मागून आलात आणि खांद्यावर हात ठेवलात. मला वाटलं, आता विचाराल. तुम्ही म्हणालात, "चहा घेतला का गा?" मी हो म्हणालो. घेतला नव्हता.

तुम्ही आयुष्यात एकदाच खोटं बोललात, असं मी मानतो, आणि ते माइकवर बोललात. पुढच्या वर्षी तपासणीचं प्रमुखपद तुम्ही सोडलंत, याद्या तेवढ्या लिहीत राहिलात आणि आमच्यासारखी एक यादी घेऊन फिरायला लागलात. आमच्यातला तो एक होता, वीज खात्यातला, जाड आवाजाचा, ज्याला थट्टेशिवाय राहवत नसे. दर मार्चला तुमच्या अंगणात सगळे परत जमले, तर्री-पोह्यांच्या प्लेटी हातात आल्या, की तो मोठ्याने विचारायचा, "सर, आज पाणी भरून पाहिलं ना?" आणि तुम्ही म्हणायचात, "भरलं गा बापा, दोनदा भरलं." सगळे हसायचे. मीही हसायचो. हे दहा वर्षं तरी चाललं. मी स्वतःला सांगत होतो की मी खरं बोललो तर सर सगळ्यांसमोर खोटे ठरतील, म्हणून गप्प राहणं बरं. हे कारण मला फार सोयीचं होतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, आणि पुढे घाबरण्याचीही सवय झाली.

प्रमुखपद सोडलंत त्याच वर्षी तुम्ही मला तुमचा टेस्ट लॅम्प दिलात. काळ्या होल्डरचा, दोन लाल वायरी, त्यांच्या टोकांना तुम्ही स्वतः गुंडाळलेली टेप. "मले आता जास्त फिरणं होत नाही," म्हणालात. तेव्हा तुम्ही स्कूटरवर अख्खं नागपूर फिरत होतात. मी लॅम्प घेतला. तेव्हाही बोलता आलं असतं.

तर मागचा रविवार. घराला आता वरचा मजला झाला आहे, फाटक तेच आहे. दार त्यांनीच उघडलं. सत्तरीच्या पुढे असतील. मी ओळखपत्र पुढे केलं, ते त्यांनी पाहिलंच नाही.

"आले का भाऊ," त्या म्हणाल्या.

"कूलर तपासायचा होता."

"मालूम आहे मले. दरसाल कोणी ना कोणी येते. तुम्हीच नाही आले."

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्या म्हणाल्या, "केस पिकले तुमचे, पण वळखलं मी. या ना आत. उभे काहून राहिले?"

मागच्या अंगणात कूलर तिथेच होता. तो नाही, दुसरा, पण त्याच जागी. मी प्लग काढून पाहत होतो आणि त्या पायरीवर बसून बोलत होत्या. "तुमचे सर रोज येत जाय दवाखान्यात. आमचे हे लय चिडून होते. म्हणे, कार्डावर सही आहे, त्या पोराचं नाव सांगा, मी पोलिसात जातो. सर म्हणे, जा, तुमचा हक्क आहे. पण जरा थांबा, तो स्वतः येईन. मी म्हटलं, येऊ द्या मंग. मी घरी आल्यावर सरांनी थे कार्ड आमच्यासमोरच कूलरवरून सोडलं आन खिशात ठेवलं." मी अर्थिंगची तार पाहिली. "दर मार्चले मी ह्यांले म्हणो, औंदा येईन. हे म्हणत, तू बस वाट पाहत. मंग हे गेले. सर गेले. मले वाटलं, आता कायचा येते."

त्या उठल्या आणि मी काही न मागता पाण्याची बादली आणून माझ्यासमोर ठेवली. डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. मी टाकी भरली, पंप आणि पंखा चालू केला आणि घड्याळ पाहिलं. पाणी वाळ्यावरून खाली यायला लागलं, तो वास आला. आम्ही दोघं बसून राहिलो.

"चूक माझी होती काकू," मी म्हणालो.

"थे मालूम आहे," त्या म्हणाल्या. "झाले का दहा मिनिटं?"

"दोन राहिली."

"मंग बसा. चहा टाकते मी."

कूलर चांगला होता. मी लॅम्प तीन जागी लावला, मग मीटरही लावला. कार्डावर सही केली. चहा घेतला.

काल शनिवार होता. हॉलमध्ये चौदा माणसं होती, बाकीचे पडद्यावर, बहुतेकांचे कॅमेरे बंद. हल्ली पाच मिनिटांसाठी कोणी उठत नाही. मागच्या बैठकीत ती बंद करावीत असंही कोणी सुचवलं होतं. मी उठलो. चिठ्ठी नेली नव्हती. सांगितलं की तो कूलर मी तपासला होता, घरी पाणी नव्हतं म्हणून कोरडाच पास केला, आणि सरांनी माझी चूक स्वतःच्या नावावर घेतली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. मग मी खाली बसलो. नियमाप्रमाणे कोणी काही बोललं नाही. तो वीज खात्यातला पुढच्याच रांगेत होता. आता त्याला ऐकू कमी येतं, जिना उतरताना कोणाचा तरी हात लागतो. काल त्याने माझा हात धरला. अर्ध्या जिन्यात तो थांबला. खाली पेशंटचे लोक बसले होते, त्यांनी सरकून वाट दिली. तो नेहमीच्या जाड आवाजात नाही, हळू म्हणाला, "काहून गा? इतके वर्ष मले सरांची मजा घेऊ दिली?" त्याने हात सोडला नाही, त्याला उतरायचंच होतं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं. लिहून झालं की हे कागद घडी करून लॅम्पच्या पिशवीत ठेवणार होतो, दुसरीकडे पाठवायचं कुठे. पण आता पुन्हा वाचलं तर वर एका जागी मी खरं लिहिलेलं नाही. काल हॉलमध्येही तेच सांगितलं. इतकी वर्षं मनात तसंच म्हणत आलो, म्हणून हातही तसाच चालला. ते तसं ठेवून घडी घालता येत नाही.

पाणी होतं, सर. बाई भरलेली बादली घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या आणि विचारत होत्या, टाकीत ओतू का. मीच म्हटलं, राहू द्या. तोवर माझी एकवीस घरं झाली होती. दुपारी तुमच्या अंगणात सगळे जमतील तेव्हा सगळ्यात मोठा आकडा माझा असावा, असं मला फार वाटत होतं. तो माझाच झाला. तुम्ही पोह्यांची प्लेट माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "बावीस? वा गा." मला त्याचा इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी बसची वाट न पाहता पायीच घरी गेलो.